झिजावे ते बुशनेच

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणताना मालकाचे लक्ष असते ते इंजिनाकडे आणि रंगाकडे. गाडी खडखडू लागली आणि सुकाणू सैल वाटू लागले, की मग पाट्यांच्या टोकांशी बसवलेल्या बुशांची आठवण होते.

१९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्या. तिला पुढे एक आणि मागे एक असे दोनच आडवे पाटे. त्यांची टोके शॅकलने आसाला जोडलेली असून पोलादी पिन कांशाच्या बुशमध्ये फिरते. फिरते म्हणण्यापेक्षा ती थोड्याशा कोनात मागेपुढे डुलते. सतत फिरणाऱ्या दांड्याभोवती तेलाचा थर आपोआप तयार होतो. येथे तसे घडत नाही. भार एकाच बाजूवर पडत राहतो आणि भोक लंबगोल होते.

म्हणून सर्वांत कठीण धातू शोधणे ही चूक ठरते. बुश पिनेपेक्षा मऊच हवा, कारण तो स्वस्तात बदलता येतो. पाट्याचे टोक झिजले तर काम अवघड होते. साधे पितळ मात्र धक्क्यांपुढे फार काळ टिकत नाही. तांब्यात सुमारे १० टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असलेले फॉस्फर ब्राँझ हा जुना, पण आजही खात्रीचा पर्याय. अट एकच, नियमित वंगणाची. तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझचा मोह अनेकांना पडतो. परंतु ते शोभते हलक्या भाराखाली सतत फिरणाऱ्या दांड्यांना, खड्ड्यांच्या दणक्यांना नव्हे. नायलॉन ओलावा शोषून फुगते, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही.

रबराचे गणित निराळे. नंतरच्या अनेक गाड्यांत आलेल्या या बुशमध्ये दोन पोलादी नळ्यांमधले रबर घसरत नाही, पिळले जाते. त्यामुळे वंगण लागत नाही. उलट तेलाने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते. त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावा, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. पॉलियुरेथेन तेलाला दाद देत नाही, पण ते कडक असल्याने दणके चॅसीपर्यंत पोचवते आणि योग्य ग्रीस नसल्यास कुरकुरते.

‘मॉडेल टी’त मात्र रबर घालू नये. तिचे आस आडवे सरकू नयेत, ही जबाबदारी पाटे आणि शॅकल यांच्यावरच आहे. तेथे रबर लवले की गाडी सरळ रेषेत धरणे कठीण होते. ब्राँझचा बुश दाबून बसवल्यावर भोक किंचित आवळते, तेव्हा पिनेच्या मापाने रीमर फिरवून घ्यावा आणि शॅकलला तेल पोचण्याचा मार्ग मोकळा आहे ना, हे त्याच वेळी पाहावे.