चार मीटरच्या आतली एसयूव्ही : नवी की वापरलेली?

केंद्र सरकारच्या २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. लहान मोटार कशाला म्हणायचे तेही तेव्हाच ठरले : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, ३एक्सओ, कायलॅक ही आज रस्तोरस्ती दिसणारी सगळी भावंडे त्या एका ओळीच्या पोटी जन्मली आहेत. बहुतेकींची लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या पाच मिलिमीटर आत. डिकी आखूड का, मागचे दार एवढे उभे का, इंजिन तीनच सिलिंडरचे का, याची उत्तरे अभियंत्याच्या आराखड्याइतकीच करखात्याच्या कोष्टकातही सापडतात.

या प्रकाराची सुरुवात पुण्याजवळच झाली, हे आता फारसे कोणाच्या लक्षात नाही. चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये ‘रिओ’ आणली. ती चालली नाही. २०१३ मध्ये मागच्या दारावर स्टेपनी अडकवलेली फोर्ड एकोस्पोर्ट आली आणि बाजार उघडला. २०१६ मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू, अशी रांग लागली. त्यातली नेक्सॉन रांजणगावात तयार होऊ लागली, महिंद्राची नाशकात, आणि अलीकडची स्कोडा कायलॅक चाकणला.

नावात एसयूव्ही असले तरी ही गाडी जीपच्या कुळातली नव्हे. बोलेरो किंवा थार यांना खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. कॉम्पॅक्ट एसयूव्हीची बॉडी हीच तिची चेसिस. रचना हॅचबॅकचीच, फक्त उंच केलेली. ताकद जाते ती पुढच्या दोन चाकांना. त्यामुळे पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन चिखलाच्या चढावर ती अडकते, कारण वजन मागे आणि ओढणारी चाके पुढे. जमिनीपासूनची १९०-२०० मिलिमीटर उंची मात्र खरोखर कामाची आहे. बेढब गतिरोधक, पावसाळ्यानंतरचे खड्डे, शेताकडची कच्ची वाट यांत पोट घासत नाही. बसताना वाकावे लागत नाही, म्हणून गुडघे दुखणारे आई-वडील खूश असतात. घरोघरी ही गाडी येण्याचे खरे कारण बहुधा तेच आहे. जाहिरातीतला डोंगरकडा नव्हे.

नव्या गाडीचा हिशेब करापासून सुरू होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वर सांगितलेल्या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर जीएसटी १८ टक्के, न बसणारीवर ४० टक्के. त्याआधी छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के आणि छोट्या डिझेलवर ३१ टक्के होता. व्याख्येत लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात, आणि गोम तिथेच आहे. ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर. पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे. म्हणून ती दिसायला लहान आणि कराला मोठी. तेवढ्याच लांबीची १,१९९ सीसीची नेक्सॉन १८ टक्क्यांत बसते. करपूर्व किंमत सात लाख धरली, तर १८ टक्क्यांनी ती ८ लाख २६ हजार होते आणि ४० टक्क्यांनी ९ लाख ८० हजार. त्यावर महाराष्ट्रातला एकरकमी रस्ता कर : दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. म्हणजे ८ लाख २६ हजारांच्या पेट्रोल गाडीला आणखी सुमारे ९१ हजार. मग विमा, ज्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी भाग नव्या गाडीला सक्तीचा आहे. शोरूममध्ये विचारायची किंमत ही ‘ऑन-रोड’च. त्यातही हाताळणी शुल्क, ‘ॲक्सेसरी पॅक’ असल्या ओळी दिसल्या तर त्या काढून टाकायला सांगाव्यात. बहुतेक वेळा निघतात.

डिसेंबरातल्या सवलतीचे तेवढे समजून घ्यावे. त्या महिन्यात घेतलेली गाडी चार आठवड्यांत ‘गेल्या वर्षीची’ होते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक निर्मितीचे साल विचारते. सात-आठ वर्षे ठेवायची असेल तर हा तोटा विरतो. तीन वर्षांत बदलायची असेल तर सवलत पुढच्या विक्रीत परत जाते.

वापरलेल्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीला दोरीने बांधलेली असते. नवीवरचा कर ११ टक्क्यांनी उतरला, तेव्हा वर्ष-दोन वर्षांपूर्वी जुन्या दराने गाडी घेतलेल्याचे नुकसान बसल्याजागी झाले. तो अजून जुन्या आकड्याला धरून बसला असेल, तर घेणाऱ्याने त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत त्याच्यापुढे ठेवावी. घसाऱ्याचा अंदाज घ्यायला विमा कंपन्यांचे जुने कोष्टक उपयोगी पडते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. प्रत्यक्ष बाजार मागणी असलेल्या मॉडेलला याहून जास्त देतो आणि नको असलेल्याला कमी. व्यापाऱ्याकडून गाडी घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो किमतीत मुरलेला असतो; घरगुती मालकाकडून घेतली तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा नव्यापेक्षा चढा असतो. हप्त्यावर घ्यायची असेल तर हा फरक आधी मांडून बघावा. कित्येकदा जुनीतली बचत व्याजातच जाते.

इंधनाचा निर्णय रोजच्या वाटेवरून घ्यावा. डिझेलचे ॲव्हरेज आणि घाटातली ओढ आजही पेट्रोलपेक्षा चांगली, यात वाद नाही. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक मानक आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी जळून जायला धुराडे चांगले तापावे लागते, आणि त्यासाठी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर गाडी पळावी लागते. दर आठवड्याला पुणे-नाशिक करणाऱ्याला हे कळतही नाही. दादरहून वांद्र्याला जाऊन येणाऱ्याच्या डॅशबोर्डवर मात्र दिवा पेटतो, गाळणी चोंदते, आणि ती बदलायची वेळ आली तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो. शहरात फिरलेली बीएस-६ डिझेल गाडी स्वस्त मिळाली तर ती का स्वस्त आहे, हे इथे शोधावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे भाग त्याला चालणारे आहेत. त्याआधीच्या गाडीसाठी मालकाची पुस्तिका आणि इंधनाच्या झाकणावरचा स्टिकर पाहावा. जुन्यात एकाच मॉडेलची २०२२ ची आणि २०२३ च्या उत्तरार्धातली गाडी समोर असेल, तर थोडे जास्त मोजून दुसरी घेण्यात शहाणपण आहे. सीएनजीने खर्च वाचतो आणि डिकी आक्रसते. घरी स्वतःचे पार्किंग आणि चार्जर बसवायची सोय असेल तर विजेची गाडी विचारात घ्यावी. सोसायटीत त्यावरून वाद चालू असेल तर आधी वाद मिटू द्यावा.

गिअरबॉक्सबद्दल एकच गोष्ट. एएमटी आणि कोरड्या क्लचची डीसीटी या दोन्ही स्वयंचलित प्रकारांत चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी धरली तर क्लच जळतो. घाटातल्या कोंडीत ब्रेकवरच थांबावे लागते. आधीच्या मालकाला ही सवय होती की नाही हे विचारून कळत नाही. गाडी एखाद्या चढावर नेऊन थांबवून पुन्हा उचलली की झटका आणि वास दोन्ही सांगतात.

सुरक्षेसाठी साल बघणे आवश्यक आहे. एबीएस सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग सर्व मॉडेलांना २०२१ च्या अखेरीपासून. त्याआधीच्या गाडीत, विशेषतः खालच्या व्हेरियंटमध्ये, या गोष्टी नसूही शकतात. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन, डिसेंबर २०१८ मध्ये. पण २०२२ मध्ये त्या चाचणीचे नियम कडक झाले आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाली. म्हणून २०१८ चे पाच तारे आणि २०२४ चे पाच तारे एका तराजूत घालता येत नाहीत.

आता वापरलेली गाडी बघणे. ती सकाळी बघावी, इंजिन गार असताना, आणि मालकाला तसे आधी सांगून ठेवावे. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा; गरम लागला तर आपल्या येण्याआधी ती सुरू करून ठेवली होती, म्हणजे गार इंजिनाचा आवाज लपवायचा होता. बॉनेट उघडून पुढच्या मडगार्डचे बोल्ट पाहावेत. कारखान्यातून आलेल्या बोल्टच्या डोक्यावर रंग अखंड असतो. पान्याने खरवडला असेल तर मडगार्ड निघाले होते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, मडगार्ड कोणाचेही ठोकले जाते. पण आतल्या पट्ट्यांवरची वेल्डिंगची गोल टिंबे सारख्या अंतरावर नसतील किंवा सीलंट बोटाने फासल्यासारखे दिसत असेल, तर मार खोलवर गेला आहे आणि ती गाडी सोडावी.

मग टायर. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कंपनीचे टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. मीटरवर २२ हजार दिसतात आणि चारही टायर मात्र गेल्या वर्षीचे, तर काटा मागे फिरवला असण्याची शंका घ्यावी. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगवरची चकाकी आणि चालकाच्या आसनाची कड यांचे वय मीटरशी जुळायला हवे. सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींत प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात. ती यादी मालकाने काढून द्यावी. देत नसेल तर कारण उघड आहे.

पाणी गेलेली गाडी हा आपल्याकडचा खास धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, आणि मुंबईत तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे. बुडालेली गाडी बुडालेल्या गावात सहसा विकली जात नाही. ती धुऊन, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गुंडाळलेल्या टोकाकडे गाळाची रेघ राहून गेलेली असते. आसनाखालचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेले का, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक माती आहे का, हे पाहावे. वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरा आला असेल तर आणखी काही बघायची गरज नाही. स्थानिक मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन सोबत न्यावे. त्याने गाडी खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी तर हवेतच. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की कर्जाचा बोजा, विम्याची मुदत दिसते. थकलेली ई-चलने वेगळी तपासावीत. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीकडची डिझेल गाडी तिथे दहा वर्षांहून जुन्या डिझेलवर असलेल्या निर्बंधांमुळे स्वस्तात दिसते, पण फॉर्म २८, महाराष्ट्रातला रस्ता कर आणि एमएच पासिंगचा खर्च धरला की ती स्वस्ताई बरीच ओसरते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, हेही बघावे. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे घेणाऱ्याचा विमा मालकाने सांगितल्यापेक्षा महाग पडतो. आणि विकणाऱ्यासाठी : आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘करून घेईन नावावर’ या शब्दावर किल्ली देऊ नये.

नवी की वापरलेली, याचा निकाल आकड्यांवर लागतो. वापरलेल्या गाडीच्या किमतीत नावावर करण्याचा खर्च, विमा, टायर-बॅटरी आणि पहिली मोठी सर्व्हिस मिळवावी. बेरीज त्याच मॉडेलच्या आजच्या ऑन-रोड किमतीच्या तीन-चतुर्थांशाच्या वर गेली तर नवी घ्यावी. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच होणार असतील आणि तीन-चार वर्षांची, एका हातची, पूर्ण नोंदी असलेली पेट्रोल गाडी निम्म्याच्या आसपास मिळत असेल, तर नवीवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही.

(पुढील लेखांक : मोटारीचा विमा, दावा करताना आणि नाकारला गेल्यावर)