बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय, जोगेश्वरी

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर महानगरपालिका रुग्णालय हे मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जोगेश्वरी (पूर्व) येथे पश्चिम द्रुतगती महामार्गालगत असलेले सार्वजनिक रुग्णालय आहे. ते बृहन्मुंबई महानगरपालिका चालवते. २०१३ साली ते रुग्णसेवेत दाखल झाले. अपघात, भाजणे, उंचावरून पडणे यांसारख्या कारणांनी झालेल्या गंभीर शारीरिक इजेला वैद्यकीय परिभाषेत ‘ट्रॉमा’ म्हणतात. जनभाषेत हे रुग्णालय ‘ट्रॉमा हॉस्पिटल’ या नावानेच ओळखले जाते.

== पार्श्वभूमी ==
महानगरपालिकेची जुनी मोठी रुग्णालये मुख्यत्वे शहर भागात आहेत. नायर रुग्णालय १९२१ मध्ये, परळचे केईएम १९२६ मध्ये, तर शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये सुरू झाले. पुढील दशकांत लोकवस्ती उत्तरेकडे सरकत गेली. मोठी रुग्णालये मात्र दक्षिणेकडेच राहिली. पश्चिम उपनगरांतील गंभीर जखमींना विलेपार्ले येथील कूपर रुग्णालयाचा आधार होता. त्यापलीकडे शीव किंवा परळ गाठावे लागे. गर्दीच्या वेळी या प्रवासातच मोलाचा वेळ खर्ची पडत असे.

== स्थानाचे महत्त्व ==
पश्चिम द्रुतगती महामार्ग वांद्र्याहून दहिसरकडे जातो. जोगेश्वरीजवळ त्याला जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता मिळतो. हा रस्ता पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणाऱ्या मोजक्या मार्गांपैकी एक आहे. पश्चिम रेल्वेचे जोगेश्वरी स्थानकही याच परिसरात आहे. रस्ता आणि रेल्वे या दोन्हींवरील अपघातग्रस्तांच्या दृष्टीने ही जागा सोयीची ठरते.

== उपचारांचे तत्त्व ==
गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक आर. अॅडम्स काऊली यांनी ही संकल्पना रूढ केली. साठ मिनिटांची ही मर्यादा काटेकोर नाही. परंतु रक्तस्राव थांबण्यास जितका विलंब, तितका धोका अधिक, हे त्यामागील सूत्र आहे.

रुग्ण आल्यावर प्रथम श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वसन नीट चालू आहे का आणि रक्ताभिसरण टिकून आहे का, हे याच क्रमाने तपासले जाते. अस्थिभंगासारख्या इजा कितीही भयंकर दिसल्या तरी त्यांची पाळी त्यानंतर येते. एकाच वेळी अनेक जखमी आल्यास आगमनाच्या क्रमाऐवजी प्रकृतीच्या गांभीर्यानुसार अग्रक्रम ठरवला जातो. त्यामुळे किरकोळ जखमींना थांबावे लागते आणि नातेवाइकांचा गैरसमज होतो.

ट्रॉमा सेवेसाठी शल्यचिकित्सक, अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तपुरवठा, सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग हे सर्व अहोरात्र एकाच ठिकाणी सज्ज असणे आवश्यक असते. साखळीतील एक कडी निखळली तरी रुग्णाला अन्यत्र हलवावे लागते आणि जवळच्या रुग्णालयाचा लाभ कमी होतो.

== मदतकर्त्यांना कायदेशीर संरक्षण ==
पोलीस चौकशीच्या भीतीने अपघातग्रस्ताला हात लावण्यास लोक कचरतात. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे डॉक्टरचे प्रथम कर्तव्य असल्याचे आणि कायदेशीर सोपस्कारांसाठी उपचार रोखता येणार नसल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ समाविष्ट झाले. सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीवर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी अथवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. स्वतःची ओळख देण्याची सक्तीही तिच्यावर करता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची निःशुल्क रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

== परिसरातील आरोग्यव्यवस्था ==
जोगेश्वरी पश्चिम हा भाग महानगरपालिकेच्या के-पश्चिम विभागात मोडतो. वस्तीपातळीवर आरोग्य केंद्रे व दवाखाने, त्यानंतर प्रसूतिगृहे व उपनगरीय रुग्णालये आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये अशी ही उतरंड आहे. लसीकरण, गरोदर मातांची नोंद आणि क्षयरुग्णांचा पाठपुरावा ही कामे आरोग्य सेविका घरोघरी जाऊन करतात. २०१५ मध्ये कूपर रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने पश्चिम उपनगरांना या उतरंडीचा वरचा टप्पाही जवळ उपलब्ध झाला.

ताप, खोकला यांसारख्या आजारांचे निदान दवाखान्यात झाले, तर मोठ्या रुग्णालयांवरील भार हलका होतो. ट्रॉमा रुग्णालयाचे यश त्यामुळे केवळ त्याच्या शस्त्रक्रियागृहावर अवलंबून नसते. गल्लीतील दवाखाना वेळेवर उघडा असणे हाही त्याचाच एक भाग असतो.