विकास कृष्ण आणि डॉक्टरांनी थांबवलेल्या लढती

ऑलिंपिकचं पदक नाही म्हणून ज्यांची नावं आपण पटकन विसरतो, त्यांत हरियाणाच्या विकास कृष्णचं नाव असता कामा नये. तीन ऑलिंपिक आणि सलग तीन आशियाई पदकं ही कमाई साधी नाही. त्याच्या मोठ्या संधींपैकी काही तर प्रतिस्पर्ध्याने हिरावल्याच नाहीत. त्या जखमांनी आणि स्पर्धेच्या वेळापत्रकाने घेतल्या.

भिवानीचा मुलगा

विकासचा जन्म 1992 चा, हिसार जिल्ह्यातला. बॉक्सिंग शिकला तो भिवानीत, जिथे ऑलिंपिक कांस्यविजेता बॉक्सर विजेंदर सिंगही घडला. 2010 हे वर्ष त्याने गाजवलं. बाकूत युवा विश्वविजेतेपद, सिंगापूरच्या युवा ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि वर्षअखेरीस ग्वांगझूच्या आशियाई खेळांत यजमान चीनच्या खेळाडूला हरवून 60 किलो गटाचं सुवर्ण. तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी 69 किलो गटात जागतिक स्पर्धेचं कांस्य आलं.

लंडनची रात्र

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला 13-11 ने हरवलं. काही तासांनी अमेरिकेची हरकत मान्य झाली. विकासने वारंवार पकडून ठेवलं आणि गमशील्ड तोंडातून बाहेर टाकलं, त्याचे दंडाचे गुण पंचांनी दिलेच नव्हते, असं ठरलं. चार गुण स्पेन्सच्या खात्यात गेले आणि निकाल 15-13 असा उलटला. हाच स्पेन्स पुढे वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. नियमांवर बोट ठेवलं तर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण झोपताना विजेता असलेल्या विशीतल्या मुलाला सकाळी परतीचा रस्ता दिसावा, हे क्रूरच होतं.

भुवईवरची जखम इतकी महाग का?

2013 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने पुरुषांचं हेडगार्ड काढून टाकलं. त्याने मेंदूला बसणारे हादरे कमी होतील, हा तिचा दावा. मात्र डोक्यावर डोकं आपटलं की भुवई आणि पापणी सहज फाटू लागली. व्यावसायिक लढतीतही हेडगार्ड नसतंच, पण तिथे दोन लढतींमध्ये आठवडे, महिने जातात आणि टाके भरून येतात. हौशी स्पर्धेत एक-दोन दिवसांत पुन्हा रिंगणात उतरायचं असतं. ओली जखम पुन्हा उघडली तर डोळा धोक्यात येतो, म्हणून डॉक्टर परवानगी नाकारतात. प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते.

विकासच्या बाबतीत हे मोक्याच्या क्षणी घडलं. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकून तो जकार्ताच्या आशियाई खेळांत गेला. उपांत्य फेरी गाठली, पण डाव्या डोळ्याच्या जखमेमुळे ती खेळताच आली नाही आणि कांस्यावर थांबावं लागलं. तरीही सलग तीन आशियाई खेळांत पदक मिळवणारा तो पहिला भारतीय बॉक्सर ठरला. मार्च 2020 मध्ये अम्मानच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत डोळ्याजवळ जखम झालेली असतानाही त्याने कझाकस्तानच्या झुसुपोव्हला उपांत्य फेरीत हरवलं. अंतिम लढत मात्र सोडावी लागली. टोकियोचं तिकीट आधीच हातात होतं, त्यामुळे तो निर्णय शहाणपणाचाच होता.

अमेरिकेतल्या दोन लढती

या दोन जखमांच्या मधल्या काळात तो व्यावसायिक झाला. बॉब अ‍ॅरम यांच्या टॉप रँक या लढती भरवणाऱ्या कंपनीशी करार झाला. जानेवारी 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्टीव्हन अँड्राडेला त्याने दुसऱ्याच फेरीत थांबवलं. एप्रिलमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नोआ किडवर सर्वानुमते विजय मिळवला. तिथेच राहिला असता तर जखमा भरायला वेळ मिळाला असता आणि पैसाही. पण त्याला ऑलिंपिक पदक हवं होतं. 2016 पासून व्यावसायिकांनाही ऑलिंपिकचं दार उघडं झालं होतं, म्हणून परतता आलं. वर्षअखेरीस दक्षिण आशियाई खेळांत तो पुन्हा भारतासाठी उतरला.

टोकियोचा खांदा

ऑलिंपिकआधीच्या सरावात खांदा दुखावला. तो तसाच घेऊन विकास जुलै 2021 मध्ये जपानच्या ओकाझावासमोर उभा राहिला आणि 0-5 ने हरला. ज्या खेळात हात उचलता आलाच पाहिजे, तिथे हा निकाल अटळ होता. त्यानंतर मुंबईत त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली.

त्याला खेळू द्यायला हवं होतं का? माझ्या मते, पदकाची आशा कितीही असली तरी असा निर्णय एकट्या खेळाडूवर सोडू नये. आणि भारतीय बॉक्सिंगचा हिशेब मांडताना विजेंदरच्या ऑलिंपिक कांस्याशेजारी विकासची तीन आशियाई पदकं मांडलीच पाहिजेत.