सिकलसेलच्या आकड्यांत आपली वस्ती कुठे आहे?

रविवारी वंदना आटोपली, की विहाराच्या ओट्यावर लोक आपापले कागद घेऊन आमच्याकडे येतात. कुणाची जात पडताळणी अडलेली असते, कुणाचे घरकुल. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी एक बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. मोलमजुरी करणारी, मुलगा अकरा वर्षांचा. म्हणाली, "वकील भाऊ, पोरगा रात्रभर हातपाय दुखते म्हणून रडते. शाळेतले म्हणतात, नाटक करते. याले अपंगाचा दाखला भेटल का?"

आम्ही पिशवी उलटी केली आणि कागद तारखेप्रमाणे लावायला बसलो. एका कागदावर 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह', दुसऱ्यावर 'एएस', तिसऱ्यावर 'एसएस'. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले. रक्त किती वेळा चढवले, याची एकही नोंद नाही. तारखा फक्त त्या माऊलीच्या डोक्यात. एकदा पोळ्याच्या आधी, एकदा दिवाळीनंतर, एकदा धाकटी झाली तेव्हा. जिथे मुलगा भरती होता, तिथे विचारले तर उत्तर मिळाले, जुने केसपेपर रद्दीत गेले.

अकरा वर्षांचे दुखणे आणि पुरावा शून्य! कोर्टात आम्ही नेहमी सांगतो, की जे कागदावर नाही ते न्यायालयाच्या दृष्टीने घडलेच नाही. त्या दिवशी कळले, की दवाखान्यातही तेच आहे.

विदर्भातल्या आपल्या माणसाला सिकलसेल समजावून सांगायची गरज नसावी, तरीही थोडक्यात सांगतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात बदल होतो. हा बदल आई किंवा वडील अशा एकाकडूनच आला तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. वाहक हा रोगी नव्हे. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग ते हाडे पोखरणारे दुखणे सुरू होते. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील या आजाराविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले ते १९५८ साली. म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, त्यानंतर दोनच वर्षांनी. आदिवासी समाजाबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार समाजात, म्हणजे आजच्या बौद्ध वस्त्यांत, हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, हे तेव्हापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही आपल्या घरातला मुलगा 'नाटक करतो' कसा?

याचे उत्तर शोधताना आम्ही एका वेगळ्याच कामात पडलो. इंजिनिअरिंगला असलेली वस्तीतली तीन मुले, एक निवृत्त परिचारिका ताई, सरकारी सेवेतले एक डॉक्टर मित्र आणि आम्ही. विहाराच्या मागच्या खोलीत एक जुना संगणक मांडला. ठरवले, की लोकांच्या पिशव्यांतले कागद एका जागी, एका पद्धतीने लिहायचे आणि त्यातून पुढे काय करावे हे सुचवणारी एक व्यवस्था उभी करायची. इंजिनिअर मुले तिला निर्णय-साहाय्य प्रणालीचा प्राथमिक नमुना म्हणतात. परिचारिका ताई म्हणतात 'आपली वही'. दोन्ही बरोबर आहे.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोंबल या डॉक्टरांनी १९७२ साली पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणक वापरून पाहिला. संगणकाचे निदान ९१.८ टक्के बरोबर आले, तर तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ टक्के. पण खरा धडा पुढचा आहे. नंतरच्या अनुभवात असे दिसले, की प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न विचारून ठरलेल्या नमुन्यात उत्तरे लिहिली, तर डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारते. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजायचे मण्यांचे साधन केले, ते लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईच्या हातात देता येईल असे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर मिनिटाला ६० श्वास, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, ही धोक्याची रेषा. निर्णयाला साहाय्य म्हणतात ते हेच. त्याला वीज लागतेच असे नाही. नियम स्पष्ट लागतो आणि तो नियम गरजूच्या दारापर्यंत पोचावा लागतो.

आमच्या वहीत डॉक्टरांनी सांगितलेले नियम घातले. पहिला : सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून कुणालाही 'रुग्ण' लिहायचे नाही, कारण ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. तिथे 'खात्रीची तपासणी बाकी' असे लिहायचे. दुसरा : बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर त्याच चाचणीच्या निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा नाही. तिसरा : मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर अहवालापुढे खूण करायची, कारण रक्तदात्याचे चांगले हिमोग्लोबिन मिसळून एसएस रुग्णही एएससारखा दिसू शकतो. चौथा : एसएस मुलाला १०१ अंश ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचे नाही. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि साधा वाटणारा संसर्गही जीव घेतो. पाचवा : हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या कुणाच्या कधी संपणार आणि रक्ततपासणी कधी करायची, याची यादी दर सोमवारी काढायची.

तिसऱ्या नियमाने त्या बाईच्या पिशवीचे कोडे उलगडले. 'एएस' लिहिलेला अहवाल नेमका दिवाळीनंतरच्या त्या रक्त चढवण्यानंतर आठवडाभरात काढलेला होता! आईवडिलांची तपासणी केली, दोघेही वाहक निघाले. मुलाची पुन्हा तपासणी केली, एसएस. एका चुकीच्या वेळी काढलेल्या कागदाने त्या मुलाला कित्येक वर्षे 'वाहक' ठरवून घरी पाठवले होते.

यात संगणकाने डॉक्टरची जागा घेतली का? मुळीच नाही. औषध डॉक्टरच देतात. वही फक्त हात वर करून विचारते, की साहेब, इथे काहीतरी चुकते आहे, एकदा पाहता का?

पण आमच्याही हातून चूक झाली. ती सांगितली पाहिजे, कारण चळवळीला त्यातून शिकायचे आहे. कुणाच्या घरी आधी जायचे, हे ठरवण्यासाठी पहिल्या नमुन्यात आम्ही एक सोपा हिशेब ठेवला होता. जो दवाखान्यात जास्त वेळा गेला तो जास्त आजारी. यादी निघाली आणि परिचारिका ताईंनी ती टेबलावर आपटली. म्हणाल्या, "सर, ज्यांच्याकडे गाडीभाडं आहे त्यांची यादी काढली तुम्ही!" खरेच होते. ज्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, ती मुलाला दवाखान्यात नेत नाही, घरीच शेकत बसते. आमच्या हिशेबात ते मूल सर्वांत 'निरोगी' ठरले होते.

हीच चूक अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिथे जादा देखभालीसाठी रुग्ण निवडणारी एक संगणकीय पद्धत लाखो लोकांना लावली जात होती. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात तिची चिकित्सा केली. ती पद्धत आजार मोजत नव्हती, उपचारावर झालेला खर्च मोजत होती. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्याने ते जास्त आजारी असूनही यादीत मागे पडत. ही चूक दुरुस्त केली तर जादा देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाते, असे त्यांनी दाखवले. विशेष म्हणजे त्या पद्धतीला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. म्हणजे जातीचा रकाना काढून टाकला की जात जाते, असे मानणाऱ्यांनी हे नीट वाचावे. रकाना जातो, अन्याय राहतो आणि वर तो दिसेनासा होतो!

यावरून आमच्या खोलीत मोठा वाद झाला. जात लिहायची की नाही? एक मुलगा म्हणाला, "सर, आपण जात सोडली ना? मग वहीत कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात नोंदवले, की भारतात दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे, तर उच्चजातीय स्त्रियांचे ५४.१ वर्षे. हा हिशेब देशव्यापी पाहणीच्या आकड्यांवरचा आहे. त्या पाहणीत जातीचा रकाना नसता, तर चौदा वर्षांचे हे अंतर कुणाला दिसले असते? स्वतः बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणावर निवेदन दिले, ते आकडे मांडूनच. आमच्यासाठी आकडा हे न्याय मागण्याचे साधन आहे.

आता सरकारी बाजू पाहू. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट जाहीर झाले. मोहिमेचा रोख आदिवासी भागावर आहे आणि तो योग्यच आहे. आदिवासी बांधवांच्या वाट्यातला कण आम्हाला नको. पण शहरातील झोपडपट्टीत आणि बिगर-आदिवासी तालुक्यांत राहणाऱ्या बौद्ध रुग्णाचे काय? अर्जावर 'आदिवासी' आणि 'इतर' असे दोनच रकाने असतील तर तो 'इतर'मध्ये विरघळतो. आकड्यांत दिसला नाही, की त्याच्या दवाखान्यात गोळ्यांचा साठा येत नाही आणि समुपदेशकाची जागा मंजूर होत नाही.

मात्र रकाना ठेवला म्हणजे धोका संपला असेही नाही. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली होती. सरकारने दुर्लक्ष केलेला आजार त्यांनी वस्तीत जाऊन शोधला. पण त्याच काळात तिथल्या काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सक्तीच्या तपासणीचे कायदे लादले आणि निव्वळ वाहक असलेल्यांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. पुढे १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असण्यावर भर दिला. आपल्याकडेही मुलगी 'एएस' आहे म्हटल्यावर स्थळ परत जाते, मुलाकडचे मात्र तपासणीच करत नाहीत. यादी बाहेर गेली, तर घात होतो तो मुलीचा.

म्हणून वकील या नात्याने वहीला काही कुलपे आम्ही घातली. संमतीशिवाय नोंद नाही. नाव आणि जात वेगवेगळ्या ठिकाणी. कार्यकर्त्याला दिसते फक्त त्याच्या कामापुरते, लग्न जुळवणाऱ्या मंडळाला काहीच नाही. कुणी 'माझे नाव काढा' म्हटले, तर त्याच दिवशी काढायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो श्रीमंताच्या बंगल्यापुरता नाही, झोपडीतल्या रक्ताच्या अहवालालाही लागू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण त्यात आरोग्याच्या किंवा जातीच्या माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही. ही उणीव आपण मांडली पाहिजे.

दुसरी बाब हक्काची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेलचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के ठरले, तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांचा दावा करता येतो. परंतु सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या यादीत सिकलसेल नाही. आजार अनुसूचीत आणि नोकरी दाराबाहेर, हा कुठला न्याय? पण हा प्रश्न विचारायचा तरी पुरावा लागेल. किती मुले शाळेचे किती दिवस गमावतात, किती तरुणांची कामे सुटतात, हे आज कुणाकडे लिहिलेले आहे?

बांधवांनो, यासाठी मोठा पैसा लागत नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. घरातले सगळे अहवाल तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. रक्त चढवले की तारीख लिहून घ्या आणि डिस्चार्ज कार्ड मागितल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. शिकलेल्या मुलांनी आपले संगणकाचे ज्ञान आठवड्यातून दोन तास वस्तीला द्यावे. लग्नाच्या बोलणीआधी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही तपासणी करा आणि तो कागद दोघांपुरताच ठेवा. आणि आरोग्य खात्याकडे एकच मागणी लावून धरा. सिकलसेलच्या नोंदीत अनुसूचित जाती आणि बौद्ध यांचा स्वतंत्र रकाना असावा, आणि त्या आकड्यांप्रमाणे गोळ्या यायला हव्यात.

त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. दाखल्याचा अर्ज गेला आहे, निकाल अजून यायचा आहे. शाळेत आम्ही स्वतः गेलो आणि अहवाल दाखवला. गुरुजींनी तो दोनदा वाचला, मुलाला पुढच्या बाकावर खिडकीशी बसवले आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायला सांगितली. आता तो दुखते म्हणाला, की नाटक करतो असे त्याला कुणी म्हणत नाही. अशी मुले प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांची नावे वहीत येतील, तेव्हाच ती सरकारच्या हिशेबात येतील.