इंजिनाला पाझर का फुटतो?

जुन्या मोटारीच्या मालकाला ओळखणं सोपं असतं. सकाळी गाडी बाहेर काढली, की तो आधी मागे वळून जमीन बघतो. फरशीवर काळा तेलकट डाग दिसला, की चेहरा उतरतो. मग गॅरेज, मग ‘पॅकिंग गेलंय साहेब’ हे निदान, नवं पॅकिंग, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच डाग.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ मध्ये निरोप घेतला. ही मात्र अजून दर रविवारी भाजी आणायला जाते. वर्षभरात तिचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग तीनदा बदललं, चेंबरचं एकदा. तरी गळती होतीच. शेवटी मिस्त्री म्हणाला, क्रँकच्या मागून ऑइल येतंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अशा कामात सुटा भाग स्वस्त आणि मजुरी महाग. घरात ‘विकून टाका एकदाची’ सुरू झालं. गृहस्थ गप्प. वडिलांच्या हाताची सवय असलेलं स्टिअरिंग भंगारवाल्याला कसं द्यायचं?

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ताळेबंदातला फरक ज्या पानावर दिसतो, चूक त्याच पानावर असते असं नाही. ऑइलचंही तसंच. ते वरून सुटतं, उतारावरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि भलत्याच नटावरून टपकतं. म्हणून पहिलं काम म्हणजे इंजिन धुऊन कोरडं करणं. संशयाच्या जागी घरातली टाल्कम पावडर भुरभुरवावी, गाडी थोडी फिरवून आणावी आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत यावं. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झालेली दिसेल, ती खरी जागा.

पण जागा सापडली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, तेव्हा आत सेकंदाला शंभर स्फोट होत असतात. त्यातला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतोच. नव्या गाडीतही उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी दिलेली असते. वर्षानुवर्षांच्या काजळीने ती तुंबली, की आत दाब साठतो आणि तो सर्वांत कच्ची फट शोधतो. एक पॅकिंग बदललं, की दाब दुसरीकडून वाट काढतो. बिचारं पॅकिंग उगाच बदनाम होतं!

आमच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्या, वयस्क मिस्त्रीला गाठलं. त्याने पान्याला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतून धुराचे भपके. मग ब्रीदरची नळी सोडवली. आत काकवीसारखा घट्ट चिकटा! रॉकेलने ती साफ केली आणि गिअरबॉक्सचा विषय तिथेच मिटला.

प्रत्येकाचं नशीब इतकं चांगलं नसतं. नळी मोकळी असूनही भपके येत असतील, तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, फारसा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. रिंगा गेल्या असतील तर सील बदलण्यात पैसे घालू नयेत, इंजिनकामासाठी साठवावेत.

डिपस्टिकचा वासही घ्यावा. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला, की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि जास्तच झिरपतं. पातळी न भरता वाढलेली दिसली, तर गाडी चालवूच नये. तसंच गळकं ऑइल तापल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळका वास येत असेल, तर काम उद्यावर टाकू नये. आगीशी खेळ नको. आणि झाकणाचे बोल्ट जोर लावून आवळू नयेत. पत्रा वाकतो आणि नवी फट तयार होते.

अँबॅसडरवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. तिच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागे रबरी सील नव्हतंच. क्रँकवर स्क्रूच्या आट्यांसारखी खाच असे. क्रँक फिरताना ती ऑइल आत ओढून घेई. इंजिन थांबलं, की एखादा थेंब पडायचाच. अशा गाडीत ब्रीदर साफ ठेवावा, आठवड्याला डिपस्टिक बघावी, कमी झालेलं ऑइल भरावं आणि त्या थेंबासाठी इंजिन खोलू देऊ नये.