एकाच नफ्यावर दोनदां कर

आपल्यापैकीं पुष्कळांचा मुलगा, लेक किंवा सून आज अमेरिकेंत नोकरीस आहे. तेथील कांहीं कंपन्या नोकरवर्गाच्या कर कापलेल्या पगारांतून थोडी थोडी रक्कम बाजूस काढून, तींतून कंपनीचेच शेअर त्यांस सवलतीनें देतात. तेथील प्राप्तिकर कायद्याच्या ४२३ व्या कलमाप्रमाणें चालणाऱ्या योजनेंत ही सवलत फार तर शेंकडा १५ असते. तिच्यावर खरेदीच्या वेळीं कर पडत नाहीं. तो विक्रीच्या वेळीं पडतो. भलीं शिकलेलीं माणसें फसतात तीं येथेंच.

समजा, खरेदीच्या दिवशीं शेअरचा बाजारभाव १०० डॉलर होता व तो ८५ डॉलरांस मिळाला. असे १०० शेअर घेऊन सहा महिन्यांनीं ते ११० च्या भावानें विकले. खर्च ८,५०० डॉलर, हातीं आले ११,०००. म्हणजे लाभ २,५०० चा. कायदा या लाभाचे दोन भाग पाडतो. सवलतीचे १,५०० डॉलर हा पगार समजतात, व कंपनीनें तो डब्ल्यू-२ या वार्षिक वेतनपत्रकांत दाखवावयाचा असतो. उरलेले १,००० तेवढा भांडवली नफा.

आतां दलालाकडून विक्रीचें १०९९-बी हें पत्रक येतें. त्यांत खरेदीची किंमत ८,५०० च असते. ही दलालाची चूक नव्हे; १ जानेवारी २०१४ पासून दिलेल्या हक्कांच्या बाबतींत पगारांत धरलेली रक्कम किमतींत मिळविण्याची त्यास मनाईच आहे. जो हा आंकडा मुकाट्यानें उतरवून घेतो, तो १,५०० डॉलरांवर एकदां पगार म्हणून व पुन्हां नफा म्हणून कर भरतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

उपाय सोपा आहे. ८९४९ क्रमांकाच्या फॉर्मांत दलालाची किंमत आहे तशीच लिहावी, संकेताच्या रकान्यांत ‘बी’ हें अक्षर घालावें व दुरुस्तीच्या रकान्यांत १,५०० वजा दाखवावे. नफा १,००० राहतो. तोच शेड्यूल डी मध्यें जातो. मात्र वेतनपत्रकांत सवलतीची रक्कम राहून गेली असली, तरी ती पगार म्हणून आपण होऊन दाखविलीच पाहिजे.

शेअर देऊं केल्याच्या तारखेपासून दोन वर्षांहून व खरेदीपासून एक वर्षाहून अधिक काळ जवळ ठेविल्यास हिशेब निराळा होतो. तेव्हां आरंभींच्या भावावरील सवलत आणि प्रत्यक्ष झालेला लाभ यांपैकीं जी रक्कम लहान, तेवढीच पगारांत धरतात. बाकीचा नफा दीर्घ मुदतीचा ठरतो व त्यावर बहुधा हलक्या दरानें कर पडतो. उलट, घाईनें आणि तोट्यांत विकले, तरी खरेदीच्या दिवसाची सवलत पगारांत धरली जातेच.

या सर्व तारखा व भाव ३९२२ क्रमांकाच्या फॉर्मांत नमूद असतात. तो खरेदीनंतर येतो, विक्री कधीं कधीं पुष्कळ वर्षांनीं होते, आणि तोंवर कागद हरवलेला असतो. मुलांची खुशाली विचारतांना तो कागद जपून ठेवला आहे काय, एवढें अवश्य विचारावें.