छऱ्याची बंदूक : घरच्या घरी निगा आणि जुळणी

आमचा धंदा कापडाचा. तरी या पानावर बंदुकीविषयी लिहावे लागत आहे, याचे कारण यात्रा. सोनाळ्यात संत सोनाजी महाराजांची यात्रा असो, की होळीच्या दिवसांत सैलानी बाबांकडे जमणारी गर्दी असो, कापडाच्या पालाच्या शेजारी फुग्यांवर नेम धरायचा स्टॉल हमखास असतो. चार बंदुका, एक फळी, रंगीत फुगे आणि दोन माणसे, एवढ्यावर एक घर वर्षभर चालते. ऐन गर्दीच्या दिवशी चारपैकी एक बंदूक बसली की चौथा हिस्सा कमाई बसली. तालुक्याच्या गावीही ती दुरुस्त करणारा मिळत नाही. वास्तविक या बंदुकीत असे काही नाही जे सायकल किंवा स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या हुन्नरी माणसाला जमणार नाही. म्हणून आमच्या स्टॉलवाल्या भावांसाठी आणि छोट्या कारागिरांसाठी हे चार शब्द.

आधी ही चीज काम कशी करते ते पाहू. हिच्यात बारूद नाही. नळी खाली दुमडली की आतला दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि चापाच्या खटक्यावर अडकून बसते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि एका बारीक भोकातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. सायकलच्या पंपाला एकदम जोराचा हिसका द्यावा, तसेच हे. जर्मनीतील डायना कंपनी १८९० सालची; तिच्या धाटणीवर आपल्याकडे अहमदाबादच्या नॅशनलने बंदुका काढल्या. सिमेंटचे पाईप करणाऱ्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीनेही एकेकाळी काढल्या. यात्रेतल्या बंदुका बहुधा याच जातीच्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, त्या बंदुका निराळ्या. त्यांत स्प्रिंग नसते, नळकांड्यात आधीच हवा भरलेली असते. त्यांची गोष्ट येथे नाही.

आता मुद्द्याचे. बंदूक मंद झाली की आपला माणूस दोन गोष्टी करतो. तेल ओततो, नाहीतर जाडजूड स्प्रिंग बसवतो. आमच्या मते बंदुका वापरून जेवढ्या मरत नाहीत तेवढ्या या दोन उपायांनी मरतात.

तेलाचे असे आहे. दट्ट्या पुढे येताना हवा इतकी झटक्यात दबते की ती एका क्षणासाठी कमालीची तापते. तेथे शिलाई मशिनचे तेल, खोबरेल किंवा डिझेल असले तर ते पेट घेते. बार मोठा होतो, नळीतून धूर येतो आणि गिऱ्हाईक खूष होते. स्टॉलवाल्यालाही वाटते, बंदुकीत जान आली. प्रत्यक्षात आतला वायसर जळत असतो आणि उलट धक्क्याने स्प्रिंगचे वेटोळे तुटत असते. शिलाई मशिनचे तेल वाईट नाही. नळीच्या बिजागरीला आणि बाहेरच्या लोखंडाला ते उत्तम. फक्त दट्ट्याच्या पुढे ते जाता कामा नये. तेथे वायसर प्लास्टिकसारख्या मसाल्याचा असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही कधीमधी.

जुन्या बंदुकीत वायसर चामड्याचा असतो, त्याची तऱ्हा वेगळी. स्टोव्हच्या पंपातला चामडी वायसर सुकला की हवा धरत नाही, हे घराघरात माहीत होते. तेच येथे. आपल्याकडचा उन्हाळा चामड्याला कोरडे ठणठणीत करतो. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल मिळाले तर फारच चांगले, नाहीतर सिलिकॉन तेल चालते. नळी थोडी दुमडावी, स्प्रिंग चढवू नये, त्या बारीक भोकात तीन-चार थेंब सोडावेत, नळी बंद करावी आणि बंदूक दस्त्यावर उभी करून रात्रभर ठेवावी. नळीचे तोंड वर असले म्हणजे तेल आपोआप दट्ट्याकडे उतरते. सकाळी पहिले चार-पाच छर्रे मोकळ्या जागी, मागे मातीचा ढीग बघून मारावेत, थोडा धूर निघून जाईल.

चामडी वायसर फाटलाच असेल तर गावातला चांभार तो करून देऊ शकतो. स्टोव्हचा वायसर येथे चालत नाही, तो पातळ पडतो. झाडाच्या सालीने कमावलेले जाड चामडे घ्यावे, पाण्यात भिजवून मऊ करावे, लाकडाच्या साच्यात वाटीसारखे दाबून सुकू द्यावे, मग कडा कापून तेलात मुरवावे. नळकांड्यात तो बोटाने ढकलला असता घट्ट सरकावा, ठोकावा लागू नये. हे काम ज्याने एकदा केले त्याला यात्रेच्या हंगामात स्टॉलवाले शोधत येतील. असे काम करणाऱ्याने मजुरी मागायला लाजू नये.

दुसरा वायसर नळीच्या सांध्यात असतो, चामड्याची किंवा रबराची एक लहान कडी. आतला दट्ट्या ठीक असून छर्रा मंद जात असेल तर आधी ही कडी पाहावी. सांध्यावर कापसाचे दोन तंतू ठेवून बंदूक चालवावी. तंतू उडाले तर हवा तेथून जाते आहे. नवी कडी बसवून जराशी वर राहील अशी ठेवावी. काही रुपयांच्या या कडीपायी बंदूक भंगारात गेलेली आम्ही पाहिली आहे.

आता स्प्रिंग. जाड स्प्रिंगने छर्रा फारसा वेगाने जात नाही, कारण नळकांडे तेवढेच, हवा तेवढीच. वाढतो तो धक्का. बंदूक हातात उडी मारते, नेम बिघडतो, दस्त्याला तडा जातो. जुळणी म्हणजे जोर वाढवणे नव्हे. आहे तो जोर न थरथरता पुढे जावा, याचे नाव जुळणी. स्प्रिंग बाहेर काढली की सपाट काचेवर लोळवून पाहावी. डगमगली तर ती वाकली आहे, बदलावी. सरळ असेल तर तिची दोन्ही टोके कानशीने सपाट करून बारीक पॉलिश पेपरने घासावीत. दबताना स्प्रिंग थोडी फिरते, टोक खरबरीत असले की अडखळते. बार झाल्यावर तंबोऱ्याच्या तारेसारखा आवाज येत असेल तर स्प्रिंगच्या आतली दांडी सैल आहे. तिच्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळून सैलपणा काढावा. काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस स्प्रिंगला पुसट लावावे. थापले तर ते पुढे सरकते आणि पुन्हा तेलाचीच कथा.

पण स्प्रिंग बाहेर काढण्याआधी एक गोष्ट गाठीला बांधावी. बंदूक न चढवताही आत स्प्रिंग दबलेलीच असते. मागचा पेच सुटला की ती दोन-तीन इंच झेप घेते आणि लोखंडी ठोकळा घेऊन येते. समोर डोळा असला तर डोळा गेला. हे काम नुसत्या हाताने करू नये. सुताराचा लांब शिकंजा घ्यावा, टोकाला लाकडाचा ठोकळा लावावा, बंदूक त्यात आवळून मग पेच काढावा आणि शिकंजा हळूहळू सैल करावा. शिकंजा नसेल तर त्या दिवशी बंदूक उघडू नये. तसेच नळी दुमडलेली असताना चापाला हात लावू नये. नळी झटक्याने वर येते, बोटे चिरडतात आणि नळीही कायमची वाकते. छर्रा घालताना डाव्या हाताने नळी धरूनच ठेवावी. स्टॉलवर पोरांना कामाला ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आमच्या मते तर बंदूक चढवण्याचे काम मोठ्या माणसाचेच.

रिकामी बंदूक चालवणे ही यात्रेतली मोठी खोड. पुढे छर्रा नसला की हवेला अडसर राहत नाही आणि दट्ट्या थेट भिंतीवर आदळतो. गिऱ्हाईक चाप कसा आहे ते बघायला रिकामा बार करते, त्याला नम्रपणे थांबवावे. रात्री दुकान बंद करताना चढवलेली बंदूक तशीच ठेवू नये, स्प्रिंग बसते. एकदा वापरलेला, चेपलेला छर्रा पुन्हा घालू नये. त्यात बचत नाही, नळीचे नुकसान आहे.

नळी साफ करण्यात आमचा थोडा अधिकार, कारण येथे कापड लागते. नवे मलमल घेऊ नये, त्यात कांजी असते आणि ती नळीत राहते. टेरिकॉट तर मुळीच नको, ते तेल शोषत नाही. बऱ्याच वेळा धुतलेला सुती कपडा, जुने धोतर किंवा पायजम्याचा तुकडा सगळ्यात चांगला. बोटाच्या पेराएवढा तुकडा मासेमारीच्या नायलॉन दोरीला बांधून छऱ्याच्या बाजूने तोंडाकडे ओढावा. लोखंडी गज घालू नये, आतले आटे खराब होतात. हेही रोज नको. नेम पसरू लागला तरच. छर्रा शिशाचा असतो, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुऊन मगच खाण्यापिण्याला हात लावावा.

दस्त्याचे पेच धक्क्याने सैल होतात. यात्रेत रोज सकाळी पेचकस फिरवावा. नेम बिघडला अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या बंदुकांचे दुखणे एवढेच निघते, असा आमचा अंदाज. आणि माशीविषयी स्पष्टच लिहितो. काही स्टॉलवाले पुढची माशी मुद्दाम वाकवून ठेवतात, म्हणजे फुगा फुटत नाही आणि गिऱ्हाईक पुन्हा पैसे मोजते. कमी मापाचा गज वापरणारा कापडवाला आणि हा, दोघांत आम्हाला फरक दिसत नाही. शिवाय फुगा फुटला की गिऱ्हाईक चार मित्रांना घेऊन येते, हा हिशेबही त्यांनी करून पाहावा.

फुग्यांच्या मागे नुसती फळी किंवा पत्रा असेल तर छर्रा उलटून येतो. फळीपुढे जाड सतरंजी दुहेरी करून सैल लोंबती सोडावी. ताणून बांधू नये; सैल कापड छऱ्याचा जोर खाते. भोके पडली की बदलावी. आमच्याकडच्या फाटक्या सतरंज्या याच कामी जातात.

आता कायदा. शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मि.मी. पेक्षा जास्त नसेल आणि तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर गेला तर ऊर्जा सुमारे ८ ज्यूल होते, म्हणजे साधी बंदूक हद्दीच्या खूप आत आहे. जोर वाढवण्याच्या नादात हद्दीकडे जायचे कशाला? सोनाळा-टुनकीच्या पट्ट्यात तर जास्तच जपावे. सातपुड्यापलीकडे बुऱ्हाणपूर जिल्ह्यात पाचोरी येथे बनणाऱ्या गावठी पिस्तुलांवरून इकडे पोलिसांच्या कारवाया होत आल्या आहेत. तेव्हा बंदुकीचे बिल कायम जवळ असावे, आणि प्रवासात ती उघडी न नेता कापडात गुंडाळून न्यावी. कारागिरांनी हेही जाणावे की बारुदाच्या हत्याराची नुसती दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा आहे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद आहे. कोणी कितीही मजुरी देवो, त्या कामाला हात लावू नये.

काही शेतकरी भाऊ बागेतले पोपट आणि माकडे हाकलायला ही बंदूक मागतात. पोपटासारखे पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. आपल्या उशाशीच १९९७ मध्ये जाहीर झालेले अंबाबरवा अभयारण्य आहे, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे. त्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणे गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात हत्याराची व्याख्या इतकी रुंद आहे की गळ आणि जाळेही त्यात येते. छऱ्याची बंदूक सुटेल असे समजू नये. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून गावोगावचे लोक आपण होऊन एअरगन सरकारजमा करू लागले, ते पक्ष्यांपायीच.

राहिला पावसाळा. यात्रा थांबतात आणि बंदुका कोपऱ्यात जातात. रेग्झिनच्या किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, आत दमट हवा कोंडून गंज चढतो. बाहेरच्या लोखंडाला तेलाचा फडका फिरवून, स्प्रिंग न चढवता, भिंतीपासून दूर टांगाव्यात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फडका फिरवावा. हाताचा घाम लागलेली जागा आधी गंजते, तेथे दोनदा पुसावे. पाऊस सरल्यावर, पहिल्या यात्रेच्या आठ दिवस आधी, दहा मीटरवर कागद लावून प्रत्येक बंदुकीचे दहा छर्रे मारून पाहावेत. छर्रे एका जागी पडत असतील तर फक्त माशी सरकवावी. पसरत असतील तर आधी पेच, मग सांध्याची कडी, मग नळी, आणि शेवटीच शिकंजा काढावा.